न धावलेल्या मैलांचे मोल

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील माँटेरे परिसरात दरवर्षी ऑगस्ट महिन्यात जुन्या व दुर्मीळ मोटारींचे मोठे लिलाव होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथे आरएम सदबीज या लिलावसंस्थेने १९९५ सालची, पिवळ्या रंगाची एक फेरारी एफ-५० विक्रीस काढली. फॅशनविश्वातील ख्यातनाम राल्फ लॉरेन यांच्या संग्रहातील ही उघड्या छपराची दोन आसनी मोटार ९२ लाख ४५ हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने सुमारे ८० कोटी रुपयांना विकली गेली. आठ वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, एकेकाळी मुष्टियोद्धा माइक टायसन याच्या मालकीची असलेली अशीच एफ-५० याच संस्थेच्या लिलावात २६ लाख ४० हजार डॉलरना गेली होती. मोटार तीच, बनावट तीच. दोन्ही जेमतेम काही हजार मैल चाललेल्या. मुंबईतील एखादी टॅक्सी दोन-तीन महिन्यांत जेवढे अंतर कापते, तेवढे या गाड्यांनी दोन-तीन दशकांत कापले. आठ वर्षांत किंमत मात्र साडेतीनपट झाली.

श्रीमंतांच्या हौसेला मोल नसते, असे म्हणून ही बातमी बाजूला सारता आली असती. परंतु तिच्या पोटात एक निराळाच प्रश्न दडलेला आहे. शोरूमच्या दारातून बाहेर पडताक्षणी मोटारीची किंमत घसरू लागते, हे मध्यमवर्गीय घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जी वस्तू मुळात झिजण्यासाठीच जन्माला आली, तिची किंमत ती न झिजविल्यामुळे वाढावी, आणि ही वाढ इतकी व्हावी की तिच्यावर कायदे, करसवलती, भाडेकरार व न्यायालयीन दावे उभे राहावेत, हा व्यवहार वाटतो तितका साधा नाही. अशा मोटारींना त्या वर्तुळात काहीशा उपहासाने ‘गॅरेज क्वीन’ म्हणतात. मराठीत तिला गोषातली राणी म्हणता येईल. ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणूनच तिचा बोलबाला अधिक.

एफ-५० ही या राणीवंशातील अस्सल वारसदार. १९४७ मध्ये पहिली फेरारी मोटार रस्त्यावर आली. त्या घटनेच्या अर्धशतकाच्या निमित्ताने मार्च १९९५ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात एफ-५० सादर झाली. १९९० च्या फॉर्म्युला वन हंगामात अ‍ॅलेन प्रॉस्ट आणि नायजेल मॅन्सेल ज्या मोटारी चालवीत होते, त्यांच्या इंजिनाच्या कुळातील ४.७ लिटर क्षमतेचे, बारा सिलिंडरचे, ५२० अश्वशक्तीचे इंजिन तिच्यात बसविलेले होते. हे इंजिन कार्बन फायबरच्या सांगाड्याला थेट बोल्टांनी जोडलेले असल्याने त्याची थरथर चालकाच्या पाठीपर्यंत पोहोचते. सुकाणूला शक्तीची मदत नाही, ब्रेक पूर्णपणे पायाच्या जोरावर, चाके घसरू नयेत म्हणून कोणतीही संगणकीय व्यवस्था नाही. छप्पर काढता येते, पण काढलेले छप्पर ठेवायला गाडीत जागाच नाही. ते घरी पेटीत ठेवून निघावे लागते आणि वाटेत पाऊस आलाच तर तात्पुरते कापडी आच्छादन अंथरावे लागते. थोडक्यात, ही मोटार चालविणाऱ्याकडून श्रम मागते आणि त्या श्रमांतच तिचा आनंद आहे. अशा एकूण ३४९ मोटारी बनल्या. जगात ३५० ग्राहक मिळतील असा अंदाज होता, म्हणून एक कमी बनविली, ही कंपनीची आवडती कथा. ती शब्दश: खरी मानण्याचे कारण नाही, पण टंचाई हेच आपले उत्पादन आहे हे कंपनीला किती नेमके उमगले होते, याची ती साक्ष निश्चित आहे.

हे उमगण्यामागे एक कटू अनुभव होता. एफ-५० च्या आधीची एफ-४० ही मोटार १९८७ मध्ये आली. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८८ रोजी, कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि त्यांच्या हयातीत साकारलेली शेवटची मोटार म्हणून एफ-४० वर उड्या पडल्या. खुद्द नायजेल मॅन्सेल याने आपली एफ-४० दहा लाख पौंडांच्या आसपास विकल्याचे वृत्त १९९० मध्ये गाजले. ही रक्कम छापील किमतीच्या कित्येक पट होती. मोटारीची मागणी नोंदविणाऱ्यांत चालक कमी आणि सटोडिये अधिक, अशी अवस्था झाली. कंपनीनेही हात आखडता घेतला नाही. सुरुवातीला चारशेच्या आसपास बनवायचे ठरलेल्या एफ-४० अखेरीस तेराशेहून अधिक बनल्या. मग जपानमधील मालमत्तेचा फुगा फुटला, पाश्चात्त्य देशांत मंदी आली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी जुन्या फेरारींचा बाजार असा काही कोसळला की चढ्या भावात घेतलेल्यांना अर्ध्या किमतीतही गिऱ्हाईक मिळेना.

म्हणूनच एफ-५० च्या वेळी अमेरिकेत फेरारीने वेगळीच शक्कल लढविली. मोटार सुरुवातीला विकायचीच नाही, दोन वर्षांच्या भाडेकरारावर द्यायची. २ लाख ४० हजार डॉलर आगाऊ, त्यानंतर २४ महिने दरमहा ५,६०० डॉलर आणि मुदत संपल्यावर उरलेली रक्कम भरली की मोटार नावावर. जी वस्तू आपल्या मालकीचीच नाही ती दुसऱ्या दिवशी दुप्पट भावाने विकता येत नाही, एवढा साधा तर्क त्यामागे होता. सटोडियांना दोन वर्षे थोपविण्याचे काम त्याने केले. परंतु या उपायाचा दुसरा परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. भाड्याने घेतलेली मोटार जपून वापरण्याकडे माणसाचा कल असतो. दोन वर्षांनी ती आपली होणार आणि तेव्हा तिची किंमत मीटरवरच्या आकड्यावर ठरणार हे कळल्यावर तर अधिकच. सट्टा रोखण्यासाठी केलेल्या उपायानेही मोटारी गॅरेजमध्येच राहिल्या असतील, तर त्यात नवल नाही.

तीच युक्ती आजही चालते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने फोर्ड जीटी या मोटारीच्या खरेदीदारांकडून दोन वर्षे ती न विकण्याचे वचन लिहून घेतले होते. कुस्तीपटू व अभिनेता जॉन सीना याने ते मोडल्याचा आरोप करून कंपनीने २०१७ मध्ये त्याला न्यायालयात खेचले. २०१८ मध्ये समझोता झाला. पोर्शे कंपनीने २०२३ मध्ये ९११ एस/टी ही मर्यादित संख्येतील मोटार अमेरिकेत आणली, तेव्हा पहिले वर्षभर ती केवळ भाडेकरारावरच देण्याचे धोरण ठेवले. उत्पादकांची ही धडपड समजण्यासारखी आहे. आपल्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या वस्तूवर दुसऱ्याच कोणी रातोरात दुप्पट कमवावे, हे कोणत्याही व्यापाऱ्याला रुचणार नाही. मात्र टंचाई निर्माण करायची आणि टंचाईचा जो नैसर्गिक परिणाम, तो काळा भाव, त्याबद्दल नाक मुरडायचे, हे दोन्ही एकाच वेळी करणाऱ्यांच्या तक्रारीकडे थोड्या संशयानेच पाहिले पाहिजे.

एफ-५० ची किंमत २०१७ ते २०२५ या काळात एवढी का चढली, याची कारणे मात्र कंपनीच्या हाती नव्हती. अमेरिकेत परदेशी मोटार आणायची तर ती तेथील सुरक्षा मानकांत बसावी लागते. पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या मोटारींना या अटीतून सूट आहे. १९९५ ते १९९७ या काळात बनलेल्या एफ-५० ना ही सूट २०२० ते २०२२ या दरम्यान लागू झाली. अमेरिकेसाठी म्हणून मुळात बनलेल्या मोटारी साठहून कमी होत्या. आता युरोप व जपानमधील उरलेल्या मोटारींनाही जगातील सर्वात श्रीमंत बाजारपेठेचे दार सरळ मार्गाने उघडले. करोना साथीच्या काळातील स्वस्त पैशाने नेमकी याच वेळी सर्व प्रकारच्या संग्राह्य वस्तूंची भाववाढ केली होती. एक पिढीही याच सुमारास वयात आली. नव्वदच्या दशकात ज्या मुलांच्या खोलीच्या भिंतीवर एफ-५० चे चित्र होते, ती आज चाळिशीच्या घरात असून त्यांच्यातील काहींच्या हाती अमाप पैसा आहे. दहा वर्षांच्या मुलाने पाहिलेले स्वप्न चाळिशीतला माणूस विकत घेतो, तेव्हा तो घासाघीस फारशी करीत नाही.

याला विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या आगमनाची जोड मिळाली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नियमानुसार २०३५ पासून नव्या मोटारींचे कार्बन उत्सर्जन शून्यावर यायचे होते. २०२५ च्या अखेरीस युरोपीय आयोगानेच हे उद्दिष्ट ९० टक्के कपातीपर्यंत सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. नियम कडक राहो की सैल होवो, पेट्रोलवर गर्जणारे, हाताने गिअर बदलायला लावणारे बारा सिलिंडरचे यंत्र पुन्हा होणे नाही, ही भावना बाजारात पक्की रुजली आहे. फेरारीनेही गेले दशकभर आपल्या नव्या मोटारींत हाताने गिअर बदलण्याची सोय दिलेली नाही. जे संपले आहे त्याला भाव येतो, हे बाजाराचे जुनेच तत्त्व.

परंतु यातून कोणती मोटार महाग एवढेच कळते. त्याच मोटारींमध्ये कमी चाललेलीच सर्वाधिक महाग का, हे कळत नाही. त्याचे उत्तर जीर्णोद्धाराच्या कारागिरीत आहे. आज जुन्या मोटारीतील जवळपास प्रत्येक गोष्ट नव्याने करता येते. रंग मूळ सूत्रानुसार मिळतो, चामडे मूळ पद्धतीने शिवून मिळते, इंजिन उघडून कारखान्याच्या मापात आणता येते. फेरारी कंपनीचा स्वतंत्र विभाग जुन्या मोटारी दुरुस्त करतो आणि इंजिन, गिअरबॉक्स व सांगाडा यांचे क्रमांक मूळ नोंदींशी जुळतात असा दाखलाही देतो. पैसा असेल तर तीस वर्षांचे वार्धक्य सहा महिन्यांत पुसता येते. पुसता येत नाही तो एकच आकडा: मोटार किती मैल धावली. ज्या बाजारात सारे काही पुन्हा निर्माण करता येते, तेथे पुन्हा निर्माण न करता येणाऱ्या एकमेव गोष्टीवर सारा भाव येऊन टेकावा, हे तर्काला धरूनच झाले. केवळ फेरारीच नव्हे, होंडासारख्या कंपनीच्या मोटारीलाही हा नियम लागू पडतो. होंडा एस-२००० ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. तिच्या कापडी छप्पर काढून टाकलेल्या ‘सीआर’ या आवृत्तीच्या जेमतेम सातशे मोटारी अमेरिकेत विकल्या गेल्या. नवी असताना छत्तीस हजार डॉलरच्या आसपास मिळणारी ही मोटार, अवघे १२३ मैल चाललेली, २०२२ मध्ये ऑनलाइन लिलावात दोन लाख डॉलरना गेली.

आता या आकड्याच्या विश्वासार्हतेकडे वळावे लागते, कारण खरी मेख तेथेच आहे. मीटर मागे फिरविणे हा जुन्या मोटारींच्या धंद्यातील सर्वात जुना रोग. त्यावर इलाज म्हणून अमेरिकेने १९७२ मध्ये केंद्रीय कायदा केला. मीटरशी छेडछाड हा गुन्हा ठरला आणि विकणाऱ्याने मीटरवरचा आकडा खरा असल्याचे लेखी देणे बंधनकारक झाले. परंतु लेखी देण्याच्या या अटीतून दहा वर्षांहून जुन्या मोटारींना वगळण्यात आले. २०२१ पासून ही मर्यादा वीस वर्षे करण्यात आली खरी, पण ती २०११ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरतीच. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सामान्य माणसाची जुनी मोटार होती. इतकी जुनी झाल्यावर तिच्या मीटरवर काय लिहिले आहे याची कोणाला पर्वा असणार, असा त्यांचा समज असावा. परिणामी १९९५ सालच्या मोटारीबाबत, जिच्या किमतीचा मोठा हिस्सा मीटरवरील आकड्यावर उभा आहे, तो आकडा लेखी प्रमाणित करण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही. अनेक राज्ये व लिलावसंस्था आपापले नियम लावतात, जाणते खरेदीदार प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, प्रत्येक तपासणीचा कागद मागतात. मूळ चामडी बॅगा, हत्यारांची पिशवी, छपराची पेटी यांनाही म्हणूनच मोल येते. मोटार खरोखरच नांदत्या घरातून आली आहे, याचे ते साक्षीदार. पण साक्षीदारांवर चालणारा बाजार अखेर विश्वासाचाच बाजार असतो.

आणि आकडा खरा असला म्हणून मोटार ठणठणीत आहे असेही नाही. हा या सर्व प्रकरणातील सर्वात दुर्लक्षित भाग आहे. यंत्र चालून झिजते, तसे ते उभे राहूनही मरते. इंजिनातील रबरी सील तेलाने ओले राहिले तर टिकतात, कोरडे पडले तर तडकतात. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि आतून गंज धरते. टाकीतले पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन त्याचा चिकट थर इंधनमार्गात बसतो. एफ-५० मध्ये इंधनाची टाकी विमानातल्यासारखी रबरी पिशवीची आहे; मोटार एक मैल धावो की पन्नास हजार, त्या रबराचे वय वाढतच राहते आणि ठरावीक वर्षांनी ती पिशवी बदलावी लागते. हे काम वेळखाऊ आणि अतिशय खर्चिक आहे. त्या काळातील फेरारींच्या बटणांवरचा मऊ मुलामा कालांतराने विरघळून बोटांना चिकटू लागतो, हा तर मालकांच्या कुचेष्टेचा नेहमीचा विषय. कमी धावलेली मोटार विकत घेणारा अनेकदा न धावल्यामुळे साचलेल्या दुरुस्त्यांची थैलीच विकत घेतो. आणि त्या दुरुस्त्या केल्या की ‘सारे काही मूळचेच’ हा दावा तेवढ्यापुरता उणावतो. मालक या कात्रीत सापडतो. मोटार जपावी तर ती आतून बिघडते. दुरुस्त करावी तर अस्सलपणा जातो. चालवावी तर आकडा वाढतो.

टायरच्या बाबतीत ही कात्री जिवावर बेतू शकते. टायरचे रबर वर्षागणिक कडक होत जाते, त्याची पकड सुटते. नक्षी मात्र नवीकोरी दिसते. २००० सालापासून बनलेल्या टायरच्या कडेवर चार आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पोर्शे करेरा जीटी ही अशीच छप्पर काढता येणारी मोटार २००३ ते २००६ या काळात बनली. सुमारे १,२७० नग, दहा सिलिंडरचे इंजिन, अमेरिकेत किंमत ४ लाख ४० हजार डॉलरच्या घरात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात याच मोटारीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि मोटार चालविणारा त्याचा मित्र यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या तपासात अपघाताचे कारण बेफाम वेग हेच ठरले. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मोटार ८० ते ९३ मैलांच्या वेगात होती. मात्र त्याच तपासात आणखी एक नोंद झाली. मोटारीचे टायर नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळे तिच्यावरील ताबा कमी झाला असू शकतो. जिचे टायर झिजण्याइतकी ती धावलीच नाही आणि म्हणून ते बदलले गेले नाहीत, अशा मोटारी जगभरच्या गॅरेजमध्ये आज किती उभ्या असतील, याचा अंदाज प्रत्येकाने करावा. बाजाराने त्यापासून कोणता धडा घेतला? जानेवारी २०२२ मध्ये अवघे २५० मैल चाललेली एक करेरा जीटी ऑनलाइन लिलावात वीस लाख डॉलरना विकली गेली. मूळ टायर जपून ठेवणे हे आता विक्रीच्या जाहिरातीतील भूषण आहे. समंजस विक्रेते जुने टायर वेगळे बांधून देतात आणि मोटारीवर नवे चढवितात. सर्वच विक्रेते समंजस असतात असे नाही.

एफ-५० च्या नशिबी मात्र सरकारी ताब्यात राहूनही अपघात आला. पेनसिल्व्हेनियातील एका विक्रेत्याकडून २००३ मध्ये चाचणी फेरीच्या बहाण्याने पळविलेली एक एफ-५० काही वर्षांनी केंटकी राज्यात सापडली. एफबीआयने ती पुरावा म्हणून ताब्यात ठेवली. मे २००९ मध्ये एका एजंटने सरकारी वकिलाला शेजारी बसवून ती बाहेर काढली, वळणावर ताबा सुटला आणि मोटार झाडावर आदळली. चोरीची भरपाई आधीच चुकती केल्याने मोटारीची मालक झालेली विमा कंपनी साडेसात लाख डॉलरसाठी न्यायालयात गेली. जप्त मालाच्या नुकसानीबद्दल सरकारवर दावा लावता येत नाही, असे सांगून न्यायालयाने तो २०११ मध्ये फेटाळला. इतक्या वर्षांच्या बंदिवासानंतर ती मोटार चालवून पाहण्याचा मोह कायद्याच्या रक्षकांनाही आवरला नाही, ही या दुनियेतील बहुधा सर्वात मानवी घटना.

करव्यवस्थेनेही या बाजाराला नकळत हातभार लावला आहे. ब्रिटनमध्ये प्रवासी मोटारीच्या विक्रीवर झालेल्या नफ्याला भांडवली लाभ कर लागत नाही. यामागे उदारपणा नव्हता, सावध हिशेब होता. मोटारीत बहुतेकांना तोटाच होतो. नफ्यावर कर लावला तर तोट्याची वजावटही द्यावी लागेल. लाखो तोट्यांपासून तिजोरी वाचविताना काही थोड्यांचे अवाढव्य नफे त्याच दारातून निसटले. भारताच्या आयकर कायद्यातही वैयक्तिक वापरासाठी बाळगलेली जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरली जात नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांना या सवलतीतून आवर्जून वगळले आहे; मोटारीला तसे वगळलेले नाही. आता ज्या मोटारीची किंमत ती न वापरण्यावरच अवलंबून आहे, तिला वैयक्तिक वापराची वस्तू म्हणता येईल काय? चित्र भिंतीवर टांगले तर त्याचा वापर झाला असे म्हणता येते; कापडाखाली झाकून ठेवलेल्या मोटारीचा वापर कशाने सिद्ध करावा, हा प्रश्न एखाद्या कर अधिकाऱ्याला पडला तर त्याला दोष देता येणार नाही.

भारतात हा प्रश्न आज तरी एफ-५० च्या निमित्ताने उद्भवण्याची शक्यता कमी. ही मोटार केवळ डाव्या सुकाणूचीच बनली आणि वापरलेल्या मोटारींच्या आयातीसाठी उजव्या सुकाणूची व तीन वर्षांहून कमी वयाची अट आपल्याकडे वर्षानुवर्षे आहे. आपल्या संग्राहकांची दौलत म्हणजे मुख्यत: संस्थानिकांच्या काळातील मोटारी. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. मात्र अशी मोटार रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी. नेहमीच्या वा व्यापारी वापराला मनाई आहे. प्रदूषण व सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच. तरीही पाश्चात्त्य बाजाराने जे पैशाच्या जोरावर घडविले, ते आपल्याकडे नियमाने घडले, ही मौज टिपण्याजोगी आहे.

अस्पर्शित मोटारी जपणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. कोणत्याही वस्तूच्या शंभर नमुन्यांपैकी दोन-चार तरी जसेच्या तसे राहिले पाहिजेत. बोल्टाला कोणता मुलामा होता, तारा कशा बांधल्या होत्या, रंगाचा थर किती जाड होता, हे पुढच्या कारागिराला दुरुस्त केलेल्या मोटारीतून कळत नाही. ग्रंथालयात एखादी प्रत न उघडता ठेवतात, तसेच हे. पण ग्रंथालय एक प्रत राखते. उरलेल्या वाचकांच्या हाती देते. येथे साडेतीनशेपैकी बऱ्याच प्रती बंद कपाटात आहेत आणि त्यांच्या पानांचे मोल ती उघडली गेली नाहीत यावर ठरते आहे. न्यूयॉर्कमधील रॅली नावाच्या कंपनीने २०१७ पासून संग्राह्य मोटारींचे समभाग सामान्य गुंतवणूकदारांना विकण्यास प्रारंभ केला. एका मोटारीचे दोन-दोन हजार हिस्से. त्यांतील एकाही हिस्सेदाराला ती मोटार चालविण्याचा अधिकार नाही. राल्फ लॉरेन यांच्या मोटारीने निदान काही हजार मैल तरी पाहिले होते. टायसनच्या मोटारीनेही. ज्यांनी त्या चालविल्या त्यांच्या हाती किमतीचा थोडा अंश गेला असेल, पण एफ-५० म्हणजे काय हे ज्यांना सांगता येईल अशी माणसेही तीच.

करेरा जीटीला पंचवीस वर्षे पूर्ण होऊ लागतील ती २०२८ पासून, आणि एफ-५० च्या किमतीचे जे झाले तेच तिच्या बाबतीत घडेल अशी अटकळ बांधून काहींनी आतापासूनच खरेदी चालविली आहे. २०२३ मध्ये पोर्शेने या मोटारींच्या निलंबन व्यवस्थेतील सांधे पुरेसे मजबूत व गंजरोधक नसल्याचे सांगून त्या परत बोलाविल्या. अमेरिकेतील ४८९ मोटारींच्या मालकांना नवे भाग बसेपर्यंत मोटार चालवू नये, अशी सूचना गेली. सूचना सर्वांना सारखीच होती. पन्नास हजार मैल चाललेल्यांनाही आणि अडीचशे मैल चाललेल्यांनाही. ज्या मालकांनी ती कधी रस्त्यावर काढलीच नव्हती, त्यांच्या दिनक्रमात या पत्राने काही फरक पडला नाही.